शाळेच्या प्रश्नावर आपला आमदार सभागृहात काय करत होता? शोधायची रीत, पायरीपायरीने

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक साधा प्रश्न निघाला. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पट सतरा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, अशी चर्चा २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आम्ही सगळे पालक धास्तावलेलो होतो. दोन नातवंडं शाळेत असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "आपल्या आमदारानं यावर मत कुठं दिलं? बाजूनं का विरोधात?" कुणालाच सांगता येईना. घरात इंटरनेट असल्यामुळे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं, तासाभरात होईल. पाच आठवडे लागले, कारण पहिले तीन आठवडे मी जी गोष्ट शोधत होते ती त्या स्वरूपात नव्हतीच. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. शाळा, फी, आरक्षण, जादूटोणाविरोधी कायदा, महिला सुरक्षा, विषय कोणताही असो, वाट हीच.

आधी जवळ काय हवं

- मतदारसंघाचं नेमकं नाव. प्रश्नांच्या यादीत आमदाराच्या नावापुढे कंसात मतदारसंघ असतो, आणि एकाच आडनावाचे आमदार बरेच असतात.
- तुमच्या शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. मुख्याध्यापकांकडे मिळतो.
- एक वही. दर नोंदीला तारीख, अधिवेशन आणि पानाचा क्रमांक लिहायचाच.
- पीडीएफ उघडणारा फोन चालतो, पण दोनशे पानं फोनवर वाचताना डोळे जातात. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा संगणक मिळाला तर बघा.
- दहा रुपयांचे दोन-तीन कोर्ट फी स्टँप. ते शेवटाकडे लागतील.

१. आपला आमदार कोणत्या सभागृहातला, ते पक्कं करा

विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. गावात फ्लेक्सवर दोघंही "आमदार" म्हणूनच झळकतात. परिषदेतले सात शिक्षक मतदारसंघातून आणि सात पदवीधर मतदारसंघातून येतात, म्हणून शिक्षणावरचे बरेच प्रश्न तुम्हाला परिषदेच्या कामकाजात सापडतील.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांमधले शिक्षक मतदार असतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना तिथे मत नाही. म्हणून परिषदेत अनुदान, टप्पा वाढ (अंशतः अनुदानित शाळांचं अनुदान टप्प्याटप्प्याने वाढवणं), जुनी पेन्शन यांवर वारंवार आवाज उठतो, आणि पहिली ते चौथीच्या दोन खोल्यांच्या शाळेसाठी बोलायचं काम मुख्यतः विधानसभेतल्या आमदारावर येऊन पडतं. तुमचा प्रश्न प्राथमिक शाळेचा असेल तर सुरुवात विधानसभेपासूनच करा.

आमदार मंत्री असेल तर पुढच्या काही पायऱ्या लागू होत नाहीत. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. "आमच्या आमदाराने पाच वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही" असं कुणी म्हणालं, तर त्या काळात तो मंत्री किंवा अध्यक्ष होता का, हे आधी तपासा.

२. "कोणी कसं मत दिलं" ही यादी शोधत बसू नका

माझे तीन आठवडे इथेच गेले. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असलेले "होय" म्हणतात, प्रतिकूल असलेले "नाही" म्हणतात, आणि अध्यक्ष निकाल जाहीर करतात. वृत्तांतात, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याच्या अधिकृत नोंदीत, उरतं ते एवढंच: प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. कुणाचा आवाज कुठल्या बाजूने गेला याची नोंद राहत नाही.

नावनिशीवार मोजणी सहसा सरकार टिकणार की नाही अशा वेळीच होते. ३० नोव्हेंबर २०१९ च्या विश्वासदर्शक ठरावाला १६९ मतं मिळाली, चार जण तटस्थ राहिले आणि भाजपने सभात्याग केला. ४ जुलै २०२२ ला शिरगणती झाली, तेव्हा एकेक आमदार उभा राहून मोजला गेला आणि आकडा आला १६४ विरुद्ध ९९. त्याउलट नोव्हेंबर २०१४ चा विश्वास ठराव आवाजी मतदानानेच संमत झाला, आणि त्यावरून मोठा वाद झाला. शाळांच्या विधेयकांवर अशी मोजणी मला एकदाही सापडली नाही.

सदस्यांना मतविभाजन, म्हणजे आवाजाऐवजी मतांची मोजणी, मागता येतं. ते कुणी मागितलं आणि मागूनही मिळालं नाही का, हे वृत्तांतात दिसतं. मागणाऱ्याचं नाव वहीत जरूर टिपा.

३. व्हिप म्हणजे काय, ते समजून घ्या

१९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची आली, तोच पक्षांतरबंदी कायदा. पक्षाने व्हिप, म्हणजे अमुक बाजूनेच मत द्या असा आदेश, काढला आणि आमदाराने त्याविरुद्ध मत दिलं किंवा तो गैरहजर राहिला, तर पंधरा दिवसांत पक्षाने माफ न केल्यास त्याची आमदारकी धोक्यात येते. म्हणून मोजणी झाली तरी आकड्यातून पक्षाची भूमिका कळते, माणसाची कळेलच असं नाही.

माणूस दिसतो तो जिथे व्हिप पोचत नाही तिथे. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणती लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावली, विधेयकाला दुरुस्ती सुचवली का, अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचं) विधेयक किंवा ठराव आणला का, आणि आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला उपप्रश्न विचारून अडवलं का. हे शेवटचं मला सर्वांत जास्त वजनाचं वाटतं. विरोधी बाकावरून बोलणं हे त्या बाकाचं कामच आहे. सत्तेत असताना मतदारसंघातल्या शाळेसाठी उभं राहणाऱ्याची नोंद मी वहीत वेगळ्या शाईने करते.

४. तुमच्या विषयाचा निर्णय कोणत्या वाटेने आला, ते ओळखा

ही पायरी सोडू नका. शाळांवर परिणाम करणारा निर्णय चारपैकी एका वाटेने येतो, आणि आमदाराला विचारायचा प्रश्न त्या वाटेवर ठरतो.

*विधेयक.* यावर सभागृहात मत होतं. शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०२० मध्ये दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. मराठा आरक्षणाचं दहा टक्क्यांचं विधेयक २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात असंच मंजूर झालं. अशा वेळी "तुम्ही बाजूने होता का" हा प्रश्न व्यर्थ आहे, कारण सगळेच बाजूने होते. चर्चेत तुम्ही काय म्हणालात आणि नंतर अंमलबजावणीचा पाठपुरावा केलात का, हे विचारा.

*वटहुकूम, आणि मागाहून विधेयक.* अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तो वटहुकूम. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झालं. चर्चा ऑगस्टमध्ये शोधलीत तर काही हाती लागणार नाही, डिसेंबरचा वृत्तांत काढावा लागेल.

*अधिसूचना.* कायद्याखालचे नियम शासन राजपत्रात जाहीर करतं ती. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने शिक्षण हक्काच्या नियमांत बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट मिळाली. यावर सभागृहात मतदान झालं नाही. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३८ नुसार असे नियम विधानमंडळापुढे ठेवावे लागतात. म्हणून आमदाराला विचारायचं: नियम सभागृहापुढे आले तेव्हा तुम्ही हरकत घेतलीत का?

*शासन निर्णय.* आपण ज्याला जीआर म्हणतो तो. शाळेचं रोजचं आयुष्य यावरच चालतं. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारा संचमान्यतेचा १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय घ्या. किंवा पहिलीपासून हिंदीचा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द, तेही पावसाळी अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. इतका गाजलेला विषय, पण यात आमदारांनी हात वर करावा असा क्षण आलाच नाही. समूह शाळांचं प्रकरणही प्रशासनाच्या पत्रांतून पुढे सरकलं. आमच्या आजोबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं: मत मागितलंच गेलं नव्हतं.

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. विभाग निवडा "शालेय शिक्षण व क्रीडा" आणि तारखेवरून शोधा. विषयाच्या शब्दावरून शोधलं तर अर्धे निसटतात. निर्णयावरचा संकेतांक वहीत उतरवून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागतो.

कायद्यांच्या वर्षात एक फसवी जागा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती मिळून ते लागू झालं २०१७ मध्ये. चर्चा हवी असेल तर मंजुरीचं अधिवेशन शोधा. महिला सुरक्षेच्या "शक्ती" विधेयकाचं आणखी वेगळं आहे. ते डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, आणि तरी कायदा म्हणून लागू झालं नाही. "आम्ही कायदा केला" असं कुणी सांगितलं तर तो लागू झाला का, हे विचारायला विसरू नका. विधेयक समितीकडे गेलं असेल तर समितीचा अहवाल वाचा. सदस्यांची नावं आणि भिन्न मतपत्रिका (असहमत सदस्याचं लेखी मत) असल्यास ती तिथे मिळते.

५. प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळा

महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार तारांकित (तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. वर्षात तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. पाच वर्षांच्या याद्या एकदम उघडू नका. एकच अधिवेशन घ्या, त्यातला शालेय शिक्षणाचा दिवस काढा आणि तालुक्याचं नाव शोधा.

प्रश्नांची ठेवण ठरलेली असते. आधी "सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", मग पहिला भाग "... हे खरे आहे काय", मग "असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". उत्तरं त्याच क्रमाने येतात. "हे खरे आहे", "हे अंशतः खरे आहे", "हे खरे नाही", आणि शेवटी पुष्कळदा "प्रश्न उद्भवत नाही".

आमच्या तालुक्यातल्या धोकादायक वर्गखोल्यांवरचा प्रश्न मला असाच सापडला. छापून बैठकीला नेला. उत्तर होतं "हे अंशतः खरे आहे", पुढे दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन असल्याची ओळ. आमच्या दुसऱ्या खोलीच्या आढ्याला त्या वेळी ताडपत्री बांधलेली होती. आजोबांनी तो कागद दोनदा वाचायला लावला आणि विचारलं, "अंशतः म्हंजे कंची बाजू खरी?" पुढच्या बैठकीत आम्ही गळक्या खोलीचे तारखेसह फोटो आणि त्या उत्तराची प्रत एकत्र लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. सभागृहात दिलेलं उत्तर हातात असलं की कार्यालयातलं बोलणं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या याद्यांत तीन चुका सगळेच करतात, मीही केल्या.

पहिली, नुसती संख्या मोजणं. एका प्रश्नाखाली दहा-पंधरा आमदारांची नावं एकत्र येतात. आमच्या प्रश्नात आमच्या आमदाराचं नाव अकरावं होतं. प्रश्न त्यांच्या नावावर मोजला जातो, पण सभागृहात उपप्रश्न कुणी विचारला हे वृत्तांतातच कळतं.

दुसरी, यादीतला प्रत्येक प्रश्न तोंडी विचारला गेला असं धरणं. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. गोंधळात किंवा तहकुबीत तोही जातो. मागे राहिलेल्या प्रश्नांना मिळतं ते लेखी उत्तर.

तिसरी, अतारांकित प्रश्न कमी प्रतीचे समजणं. त्यांची उत्तरं लेखीच असतात आणि कित्येकदा जास्त तपशिलाची असतात. तालुकावार रिक्त पदांचा तक्ता मला तिथेच मिळाला.

६. वृत्तांत वाचा, पण धीराने

लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचे मुद्दे आणि नियम २९३ खालच्या चर्चा, सगळं वृत्तांतात येतं. लवकर मिळणाऱ्या प्रतीवर "असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही" असं छापलेलं दिसेल. ती समजून घ्यायला वापरा. कुणाचं वाक्य अवतरणात घालून गावभर पाठवायचं असेल तर सुधारित वृत्तांताशी ताडून मगच पाठवा. निवडणुकीच्या दिवसांत अर्धवट वाक्यं फार वेगाने फिरतात आणि नाहक माणसाचं नाव खराब होतं.

जुन्या फाइलींत शब्द टाकून शोधता येत नाही. तिथे त्या दिवसाच्या कामकाजाचा क्रम आधी उघडा, विषय कितवा आहे ते बघा आणि अंदाजाने पान गाठा. विधेयकाचा क्रमांक "वि.स.वि." किंवा "वि.प.वि." असा लिहिलेला असतो. पहिलं विधानसभेत मांडलेलं, दुसरं परिषदेत.

भाषणात काय पाहायचं? मतदारसंघातल्या शाळेचं नाव, आकडा, तारीख घेऊन बोललेली चार वाक्यं अर्ध्या तासाच्या भाषणाहून जास्त सांगतात. मंत्र्यांनी "तपासून घेऊ" म्हटल्यावर आमदार खाली बसला की "कधीपर्यंत?" असं विचारून उभाच राहिला, हेही दिसतं.

७. मार्चमधल्या मागण्या

अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागवार अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, मतास येतात. शालेय शिक्षणाच्या मागणीवर कोण बोललं आणि कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) कुणी दिली, एवढं बघा. काही विभागांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात. त्या वर्षी शालेय शिक्षणाचं तसं झालं का, याचीही नोंद करा.

८. आमदार निधीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी रुपये आहे. त्यातून शाळांसाठी काय दिलं, हे सभागृहाच्या कागदांत नसतं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्यायचा. नमुना "अ", वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते.

माझा पहिला अर्ज परत आला. मी त्यात निधी, शिक्षकांची रिक्त पदं आणि खोल्यांची दुरुस्ती असे तीन विषय भरले होते. महाराष्ट्रात नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत. महिना गेला. तुम्ही एवढंच लिहा: "अमुक विधानसभा मतदारसंघात सन अमुक ते अमुक या काळात आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून शाळांसाठी मंजूर झालेल्या कामांची यादी, कामाचे नाव, गाव, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम व सद्यःस्थिती." मंजूर आणि खर्च या दोन्ही रकमा मागा. नुसती मंजूर मागितलीत तर न झालेली कामंही यादीत झालेल्यांसारखी दिसतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टँपसह पहिलं अपील करा.

मुंबईतल्या वाचकांचं काम थोडं सोपं आहे. प्रजा फाउंडेशन शहरातल्या आमदारांची प्रगतिपुस्तकं प्रसिद्ध करतं. बाकी जिल्ह्यांत मात्र वही आपली आपणच भरायची.

९. एका पानाचा तक्ता करा आणि भेटायला जा

पाच रकाने पुरतात: तारीख, विषय, निर्णयाची वाट, आमदाराने काय केलं, पुरावा कुठल्या पानावर. जिथे काही सापडलं नाही तिथे "नोंद आढळली नाही" असं लिहा, "काही केलं नाही" असं लिहू नका. दोन्हींत फरक आहे. आमच्या तक्त्यात अशी एक ओळ होती. आमदारसाहेबांना भेटलो तेव्हा त्यांनी त्याच विषयावर मंत्र्यांना दिलेल्या पत्राची प्रत काढून दाखवली. आम्ही ती ओळ तिथेच दुरुस्त केली आणि प्रत तक्त्याला जोडली. आधीच काहीबाही लिहून गावात वाटलं असतं, तर पुन्हा त्यांच्या दारात जायची सोय उरली नसती.

चार-पाच जण मिळून जा, त्यात किमान दोन आया असू द्या. मुलं कुठल्या खोलीत बसतात आणि पावसात काय होतं, ते त्या सांगतील तसं कुणी सांगत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि यूडायस क्रमांक घातलेला अर्ज बरोबर न्या. अर्जात पुढच्या अधिवेशनासाठी एकच प्रश्न तयार करून द्या, "हे खरे आहे काय" याच ठेवणीत. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशन तोंडावर आल्यावर जाऊन उपयोग नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला कुणी कां-कूं केली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

आमच्या अर्जाची पोच शाळेच्या कपाटात ठरावाच्या वहीत ठेवली आहे. अधिवेशनाच्या प्रश्नांची यादी संकेतस्थळावर आली की दर वेळी आम्ही दोघीजणी शाळेच्या संगणकावर बसतो आणि शालेय शिक्षणाच्या दिवशी आधी तालुक्याचं नाव शोधतो.